प्रतिमावंदनाचा वाद आणि एक लॅटिन शब्द

कॅथलिक लोक प्रतिमांची व संतांची उपासना करतात काय, हा प्रॉटेस्टंटांचा नेहमीचा प्रश्न होय. त्याच्या मुळाशी भाषांतराचाही इतिहास आहे. इ. स. ७८७ मध्ये नायसियाच्या दुसऱ्या परिषदेने प्रतिमांना 'प्रोस्किनेसिस' म्हणजे नमन विहित ठरविले. 'लात्रिया' म्हणजे उपासना मात्र ईश्वरापुरती राखली. त्या ठरावांच्या पहिल्या लॅटिन भाषांतरात नमनासाठी 'आदोरात्सिओ' हा शब्द योजला गेला. ईश्वराच्या आराधनेलाही हाच शब्द रूढ असल्याने भेदाची सीमारेषाच पुसली गेली. हे सदोष भाषांतर वाचून शार्लमेनच्या दरबारातील पंडितांनी परिषदेच्या खंडनार्थ ग्रंथ रचला. तो १५४९ मध्ये छापून निघाला आणि कॅल्व्हिनला आयताच आधार मिळाला.

तथापि सारा वाद भाषांतरकाराच्या माथी मारणे युक्त नव्हे. कॅल्व्हिन ग्रीक जाणत होता. संतांना 'दुलिया', ईश्वराला 'लात्रिया', हा कॅथलिक भेद त्याने शब्दार्थावरूनच खोडून काढला: दुलिया म्हणजे दास्य, आणि दास्य हे वंदनाहून अधिकच. (नवविधा भक्तीतही वंदनानंतर दास्य येते.) प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीस पोचतो, असे १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने नायसियाच्या हवाल्याने सांगितले, दुलियाविषयीच्या आक्षेपाला मात्र त्या ठरावात उत्तर नाही.