गंजीफ्रॉक ते टी-शर्ट

इतिहास म्हटला की तहनामे, राजमुद्रा आणि रणांगणे यांचीच चित्रे आपल्या मनापुढे उभी राहतात. दांडीवर वाळत घातलेल्या कपड्यालाही इतिहास असतो, आणि तो पुष्कळदा एखाद्या तहनाम्याइतकाच गुंतागुंतीचा असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. आज मी ज्या वस्त्राविषयी बोलणार आहे ते अशा उपेक्षितांपैकीच एक. त्याला टी-शर्ट म्हणतात. बंगळुरात नोकरीनिमित्त राहणाऱ्या माणसाला हा विषय सुचावा यात नवल नाही. कारण भारतातील दुसऱ्या कोणत्याही शहरात या वस्त्राला इतकी प्रतिष्ठा लाभली असेल असे मला वाटत नाही. कोट्यवधींचा व्यवहार करणारा गृहस्थ आणि त्याच्या दारी जेवणाचा डबा पोचविणारा मुलगा हे दोघेही येथे एकाच घाटाच्या कपड्यात समोरासमोर उभे असतात. रंग तेवढा निराळा.

अलीकडे सुशिक्षित तरुणांत मोजक्या कपड्यांत राहण्याची एक हौस दिसू लागली आहे. फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांनी २०१४ साली एका जाहीर प्रश्नोत्तरांत सांगितले की, आपण रोज करड्या रंगाचा टी-शर्ट घालतो, कारण काय घालावे यासारख्या बारीकसारीक निर्णयांत शक्ती दवडण्याची आपली इच्छा नाही. हे ऐकून आपल्या आजोबांना हसू आले असते. एक अंगावर आणि एक दांडीवर हा हिशेब महाराष्ट्रातल्या असंख्य घरांनी पिढ्यान्‌पिढ्या चालविला, आणि त्यामागे तत्त्वज्ञान नव्हते, गरिबी होती. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईस गांधीजींनी गुडघ्यापर्यंतचा पंचा स्वीकारला तो याच गरिबीकडे पाहून. कोणी नाइलाजाने थोडके कपडे वापरतो, कोणी व्रत म्हणून, कोणी केवळ सोयीसाठी. हेतू भिन्न असले तरी तिघांपुढे प्रश्न एकच येतो. कपडे थोडे असले म्हणजे त्यांतल्या प्रत्येकाने पुष्कळ कामे केली पाहिजेत. आपले उपरणे पाहा. ते खांद्यावर असले म्हणजे मान राखी, डोक्यावर घेतले की ऊन अडवी, बाजारात त्याचे गाठोडे होई, आणि नदीवर गेल्यावर अंग पुसायलाही तेच पुढे येई. टी-शर्ट निवडताना उपरण्याची ही परीक्षा लावावी असे माझे मत आहे, आणि ते का, हे त्याच्या वंशावळीवरून कळेल.

या वंशावळीत शब्दांची मोठी मौज आहे. आपल्याकडे जुनी माणसे आतल्या कपड्याला गंजीफ्रॉक म्हणत. कोठे कोठे अजूनही म्हणतात. हा शब्द ऐकताना अस्सल देशी वाटतो. पण त्याचे मूळ इंग्लिश खाडीतील गर्न्सी या बेटात आहे. तेथल्या खलाशांचा लोकरीचा, घट्ट विणीचा सदरा म्हणजे गर्न्सी फ्रॉक. जहाजांबरोबर तो हिंदुस्थानच्या बंदरांत उतरला आणि आपल्या जिभेवर गंजीफ्रॉक झाला. त्या सदऱ्याचा एक विशेष मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याची पुढची व मागची बाजू सारखीच असे. कोपर झिजले की सदरा उलटा फिरवून घालावा, म्हणजे झीज वाटली जाई. महिनोन्‌महिने समुद्रावर असणाऱ्या माणसाला दोन सदऱ्यांची चैन कोठली?

शेजारचे बेट जर्सी. तेथील लोकांना विणकामाचे इतके वेड लागले होते की, सतराव्या शतकाच्या आरंभी सुगीच्या दिवसांत विणीत बसण्यास कायद्याने मनाई करावी लागली. पीक शेतात आणि गावकरी सुया घेऊन उंबऱ्यावर, हे दृश्य तेथल्या कारभाऱ्यांना परवडणारे नव्हते. टी-शर्टाच्या साध्या कापडाला धंद्यात आजही ‘सिंगल जर्सी’ म्हणतात ते या बेटावरून. बनियन या शब्दाची कथा याच्या उलट. तो आपल्या वाण्यांचा. गुजराती वाणी जो सैल अंगरखा घालीत, त्यावरून युरोपियनांनी घरात घालण्याच्या ढगळ झग्याला बनियन म्हटले. अठराव्या शतकात इंग्लंडातले उमराव असले झगे घालून आपली चित्रे काढवून घेत. पुढे हा शब्द मायदेशी परतला तेव्हा त्याचा पार संकोच झाला होता, आणि तो सदऱ्याच्या आत जाऊन बसला. एक शब्द समुद्रावरून आला, दुसरा समुद्र ओलांडून जाऊन परत आला, आणि दोघांची गाठ आपल्या कपाटात पडली.

मराठीत ‘विणणे’ हे एकच क्रियापद असल्यामुळे येथे थोडा घोटाळा होतो. मागावर ताणा आणि बाणा यांची धाग्यांची जाळी विणली जाते. पायमोजा मात्र एकाच धाग्याचे फास एकमेकांत गुंतवून विणतात. पहिले कापड ताठ राहते, दुसरे ताणले जाते व पुन्हा मूळ आकारावर येते. हे दुसरे काम यंत्राने करण्याची युक्ती विल्यम ली या इंग्रज पाद्र्याने १५८९ मध्ये काढली. तेथून अमेरिकन आरमारातील खलाशांच्या पांढऱ्या, आखूड बाह्यांच्या सुती बनियनपर्यंतचा प्रवास मी थोडक्यात आटोपतो. त्याच्या आकारावरून त्याला टी-शर्ट म्हणू लागले. १९२० च्या एका अमेरिकन कादंबरीत हा शब्द आढळतो. आणि १९५१ साली मार्लन ब्रँडो या नटाने एका चित्रपटात तो उघड उघड बाहेरचा कपडा म्हणून घातला. आतले वस्त्र बाहेर आले ते असे.

आता बंगळूर. हे शहर कापडाला नवखे नाही. १८८४ साली येथे लोकर, सूत व रेशीम यांची मोठी गिरणी उभी राहिली आणि पुढे ती बिन्नी मिल या नावाने सैन्याच्या गणवेशांसाठी व कांबळ्यांसाठी प्रसिद्धी पावली. मिनर्व्हा मिल हीदेखील येथलीच. राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीविषयीच्या १९८० च्या निकालामुळे सर्वोच्च न्यायालयाच्या वार्तिकांत तिचे नाव अमर झाले आहे. तो खटला एका कापड गिरणीचा होता हे मात्र आम्हां सरकारी नोकरांपैकीही थोड्यांना आठवते. परंतु या गिरण्या मागाच्या होत्या. त्यांच्या कापडाला शिंपी लागे, आणि तो शिंपी पुष्कळदा मराठी बोलणारा असे.

१६३८ मध्ये बंगळूर शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. तेव्हापासून आणि त्यानंतरही मराठी भाषक येथे येत राहिले. त्यांत नामदेव शिंपी आणि भावसार समाजांची घरे आहेत. कापड रंगविणे आणि शिवणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. त्यांच्या घरची मराठी कानडीच्या सहवासाने गोड वळण घेतलेली आहे. संत नामदेवांचे नाव सांगणाऱ्या या कारागिरांचे सारे कौशल्य एका गोष्टीत साठविलेले होते; ती म्हणजे माप. छातीचे, खांद्याचे, बाहीचे. ताणल्या जाणाऱ्या कापडाने नेमकी हीच गोष्ट अनावश्यक करून टाकली. लहान, मध्यम, मोठा असे चारदोन आकार ठेवले की शहरभराची अंगे त्यांत मावतात. टी-शर्ट शिवून घेण्यासाठी शिंप्याकडे गेलेला मनुष्य मी अद्याप पाहिलेला नाही. गिरण्यांच्या संपांवर आणि टाळेबंद्यांवर ग्रंथ झाले. शिंप्याच्या हातातली टेप अशी निमूटपणे गळून पडली तिची दखल कोणी घेतलेली नाही.

सुई मात्र थांबली नाही. ती दुसऱ्या हातांत गेली. म्हैसूर रस्ता, पीण्या, होसूर रस्त्यावरील बोम्मनहळ्ळी या भागांत तयार कपड्यांचे कारखाने वाढले. १९७४ पासून जगाच्या कापड व्यापारावर असलेली देशवार कोट्याची बंधने १ जानेवारी २००५ रोजी उठली आणि स्पर्धा अधिकच तीव्र झाली. टी-शर्टाची राजधानी तमिळनाडूतले तिरुप्पूर. बंगळुरात मागावरच्या कापडाचे शर्ट, जाकिटे अधिक. तथापि दोन्हीकडे दर शेवटी शिलाईच्या मिनिटांवर ठरतो, आणि बंगळुरात शिवणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये या स्त्रिया हजारोंच्या संख्येने रस्त्यावर उतरल्या. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाच्या वाट्याची रक्कम वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असा नियम त्या वर्षी फेब्रुवारीत निघाला होता. मुलीचे लग्न, आजारपण, घराचे भाडे यांसाठी नोकरी सोडून ती रक्कम हाती घ्यावयाची, हाच ज्यांचा आधार, त्यांना तो नियम कसा मानवावा? आंदोलनाला हिंसक वळणही लागले, ते कोणालाही भूषणावह नव्हते. परंतु १९ एप्रिल रोजी केंद्र सरकारने नियम मागे घेतला. नियम कागदावर सुबक असणे आणि तो माणसाच्या आयुष्यात बसणे यांत किती अंतर असते, हे माझ्या पेशातील लोकांनी त्या दोन दिवसांत पाहिले.

दुसरीकडे तो कपडा कचेऱ्यांत शिरत होता. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली आणि १९८३ साली बंगळुरात आलेली इन्फोसिस ही कंपनी औपचारिक पोशाखाविषयी काटेकोर समजली जाई. २०१५ च्या जूनमध्ये तिनेही तो दंडक शिथिल केला. त्या सवलतीत बिनकॉलरचा टी-शर्ट बसत होता किंवा नाही हा वाद मी त्या कंपनीच्या अधिकाऱ्यांवर सोपवितो. हवामानही या वस्त्राला अनुकूल. समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात बारा महिने एकच कपडा चालू शकतो. नागपूरकराला किंवा मुंबईकराला ही चैन नाही.

तेव्हा, श्रोतेहो, थोडक्या कपड्यांत राहू इच्छिणाऱ्याने तो कसा निवडावा? प्रथम वजन पाहावे. धंद्यात एक चौरस मीटर कापडाचे वजन ग्रॅममध्ये सांगतात. १४० ग्रॅमचे कापड विरविरीत. उजेडात धरले तर पलीकडचा हात दिसतो आणि आत पुन्हा गंजीफ्रॉक घालण्याची पाळी येते, म्हणजे दोन पिढ्यांचा इतिहास एकाच अंगावर! २२० च्या पुढचे कापड घसघशीत खरे, पण पावसाळ्यात वाळता वाळत नाही. १८० च्या आसपासचे कापड बंगळूरला, पुण्याला, बेळगावला उत्तम. सूत विंचरलेले असावे. विंचरताना आखूड तंतू निघून जातात आणि कापडावर गोळे कमी येतात.

कापूस घ्यावा की पॉलिएस्टर, याविषयी माझे मत ठाम आहे. प्रमाणित हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. त्यामुळे दुसरे लवकर वाळते, सुरकुतत नाही. पण घाम अंगावरच ठेवते आणि संध्याकाळपर्यंत त्याचा वास लपत नाही. एकच कपडा सकाळपासून रात्रीपर्यंत वागवायचा असेल तर हा दोष लहान नव्हे.

मग कपडा उलटा करून पाहावा. गळ्याच्या मागून दोन्ही खांद्यांवर पट्टी शिवलेली असली तर खांदे लोंबणार नाहीत. गळ्याची कड ताणून सोडावी. ती चटकन मूळ जागी आली पाहिजे. बगलेखालची शिवण तळापर्यंत सरळ उतरते का हेही पाहावे. सुताला पीळ अधिक असला तर चार धुण्यांनंतर तीच शिवण पोटावर येते, आणि मग कितीही इस्त्री केली तरी ती जागेवर जात नाही. दुकानात ज्याने कापड धुऊन आक्रसून घेतलेले नाही, त्याचा एक आकार मोठा घेतलेला बरा.

रंगाविषयी फार बोलत नाही. पांढरा गळ्यापाशी पिवळा पडतो, काळा विटतो. गडद निळा आणि करडा हे दोन रंग पुष्कळ दिवस तग धरतात. छातीवर मजकूर मात्र नसावा. विनोदी वाक्य छापलेला टी-शर्ट मित्रांत शोभतो. शेजारी कोणी गेले आणि तसेच सांत्वनाला धावावे लागले तर तो उपयोगी पडत नाही. कोरा टी-शर्ट कचेरीत कोटाखाली जातो, मंडईत जातो, रात्रीच्या गाडीत जातो आणि स्मशानातही जातो.

संख्या तीन पुरे: एक अंगावर, एक दांडीवर आणि एक सप्टेंबरसाठी. त्या महिन्यात येथे संध्याकाळचा पाऊस हमखास येतो आणि सकाळी टाकलेला कपडा पुन्हा ओला होतो. वाळत घालताना तो खांद्यांनी टांगू नये. ओल्या विणीचे वजन खाली ओढते. पोटाशी दुमडून दांडीवर टाकावा, जसे उपरणे टाकीत.