शस्त्रक्रियागृहातील हिरवा वेश

शस्त्रक्रियागृहात पूर्वी पांढरा वेश रूढ होता. लाल रक्ताकडे सतत पाहिल्यानंतर नजर पांढऱ्या कापडावर गेली, की तेथे हिरवट छटा तरळतात. हिरव्या कापडावर त्या जाणवत नाहीत. १९१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे शल्यविशारद हॅरी शर्मन यांनी पालकासारखा हिरवा रंग वापरात आणला.

रंग मात्र जंतू अडवीत नाही. ते काम कापडाची घट्ट वीण आणि कोरडेपणा करतात. सुती गाऊन रक्ताने भिजला, की धाग्यांमधून जंतूंना वाट मिळते. म्हणून तो तत्काळ बदलावा लागतो. वापरलेला गाऊन धुऊन, वाळवून ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसच्या दाबयुक्त वाफेने निर्जंतुक करतात. वारंवार धुतल्याने वीण सैल होते, हे अनेकदा विसरले जाते.

धुलाई म्हणजे पाणी आलेच. अवर्षणप्रवण धाराशिव जिल्ह्यात, जेथे टंचाईच्या वर्षी गावे टँकरवर विसंबतात, ही बाब क्षुल्लक नव्हे. २०२२ मध्ये धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यावर तर ती अधिकच महत्त्वाची ठरते. एकदाच वापरायचे गाऊन धुलाईचे पाणी वाचवितात. परंतु वापरानंतर त्यांची रवानगी जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत होते आणि प्रत्येक शस्त्रक्रियेला नव्या गाऊनचा खर्च येतो.