वर्णचक्र

वर्णचक्र : वर्णांचे परस्परसंबंध स्पष्ट व्हावेत म्हणून ते वर्तुळाच्या परिघावर क्रमाने मांडून केलेली आकृती. चित्रकला, विणकाम, मुद्रण, गृहशोभन इत्यादींतील रंगयोजनेस ती उपयुक्त ठरते.

आयझॅक न्यूटन (१६४२–१७२७) यांनी लोलकाने पांढऱ्या प्रकाशाचे पृथक्करण केले व ऑप्टिक्स (१७०४) या ग्रंथात सात वर्ण वर्तुळात मांडले. वर्णपट हा वस्तुतः सरळ पट्टा असून त्याची तांबडी व जांभळी टोके एकमेकांस मिळत नाहीत. डोळ्यास मात्र ती निकटची भासतात. तेव्हा वर्णचक्र हे जितके प्रकाशाचे, तितकेच दृक्‌संवेदनेचेही चित्र होय.

चित्रकारांच्या रूढ चक्रात तांबडा, पिवळा व निळा हे प्राथमिक वर्ण मानतात. त्यांच्या मिश्रणाने नारिंगी, हिरवा व जांभळा हे दुय्यम वर्ण मिळतात. यांच्या दरम्यानचे सहा वर्ण धरून बारा भागांचे चक्र पूर्ण होते. त्यावरून मुख्यतः चार योजना संभवतात : एकाच वर्णाच्या फिक्या-गडद छटांची एकवर्णी, शेजारच्या वर्णांची समीपवर्ती, समोरासमोरील वर्णांची पूरक आणि समान अंतरावरील तीन वर्णांची त्रिवर्णी. समीपवर्ती योजना शांत, तर पूरक योजना उठावदार वाटते.

पूरक वर्णांचे महत्त्व एका तक्रारीतून पुढे आले. पॅरिसमधील गोब्लँ या चित्रजवनिकांच्या कारखान्यात रसायनज्ञ मीशेल यूजेन शेव्ह्रल (१७८६–१८८९) हे १८२४ पासून रंगाईचे प्रमुख होते. निळ्या व जांभळ्या वस्त्रांच्या छायेसाठी वापरलेला काळा रंग निस्तेज दिसतो, अशी तेथे तक्रार होती. इतरत्र रंगविलेल्या काळ्या लोकरीशी तुलना करता रंगात दोष आढळला नाही; दोष शेजारच्या वर्णांच्या परिणामात होता. लगतचे वर्ण परस्परांचे भासमान रूप पालटतात, हा समकालिक विरोधाचा नियम त्यांनी १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. झॉर्झ सरा (१८५९–९१) यांच्या बिंदुवादी चित्रणास त्याचा आधार लाभला.

तथापि प्रकाशाचे व रंगद्रव्यांचे मिश्रण भिन्न असते, हे हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी १८५२ मध्ये दाखविले. निळी व पिवळी रंगद्रव्ये मिळून हिरवा रंग होतो; त्याच वर्णांचे प्रकाश योग्य प्रमाणात मिळाल्यास मात्र पांढरा होतो. म्हणून दूरचित्रवाणीच्या पडद्यावर तांबडा, हिरवा व निळा, तर मुद्रणात निळसर हिरवा, किरमिजी व पिवळा हे वर्ण मूलभूत धरतात. सर्व कामांस लागू पडेल असे एकच वर्णचक्र नाही. ते माध्यमानुसार निवडावे लागते.