गोव्याची सात वर्षे : भारतीय फुटबॉलचे केंद्र कोणत्या संघांनी हलवले?

क्रीडा प्रतिनिधी

कोल्हापूर : शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू झाला, की शहरात एक वाद हमखास रंगतो. कोल्हापूरच्या फुटबॉलला मोठे कोणी केले, पाटाकडीलने की खंडोबाने? दिलबहारने, शिवाजी तरुण मंडळाने, बालगोपालने की प्रॅक्टिस क्लबने? प्रत्येक पेठेचे उत्तर ठरलेले असते आणि दुसऱ्या पेठेला ते मान्य नसते. हाच प्रश्न घाटाखाली गोव्याबाबत विचारला, तर तेथे निदान नोंदी हाताशी आहेत. कारण गोव्यातील क्लबांनी सलग सात वर्षे देशाची सर्वोच्च फुटबॉल लीग जिंकून दाखवली. २००६-०७ ते २०१२-१३ या काळात राष्ट्रीय विजेतेपद एकदाही गोव्याबाहेर गेले नाही. ना कोलकात्याला, ना मुंबईला. साधारण पंधरा लाख लोकवस्तीच्या राज्याने हे कसे साधले आणि त्यात नेमका कोणाचा वाटा किती, याचा हा आढावा.

राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६-९७ मध्ये सुरू झाली. पहिले विजेतेपद पंजाबमधील फगवाड्याच्या जेसीटीने मिळवले. त्यानंतरचा काळ कोलकात्याचा होता. २००३-०४ पर्यंतच्या आठ हंगामांत मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांनी प्रत्येकी तीनदा बाजी मारली. या मक्तेदारीत फट पाडली ती एकाच संघाने, वास्कोच्या साळगावकर क्लबने. शब्बीर अली यांच्या मार्गदर्शनाखाली साळगावकरने १९९८-९९ ची लीग जिंकली.

गोव्याचा विषय निघाला की धेंपोचे नाव आधी घेतले जाते. विजेतेपदांची मोजणी केली तर ते योग्यही आहे. मात्र पायंडा पाडला तो साळगावकरने. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबने १९८८ मध्ये फेडरेशन करंडक जिंकला आणि पुढच्याच वर्षी तो राखलाही. गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर आणि आघाडीवीर ब्रुनो कुतिन्हो हे अर्जुन पुरस्कारप्राप्त खेळाडू याच क्लबशी जोडलेले. राज्य संघानेही १९८३ मध्ये संतोष करंडक बंगालसोबत संयुक्तपणे आणि पुढच्या वर्षी स्वबळावर मिळवला होता. गोव्यातील संघ कोलकात्याच्या संघांना हरवू शकतो, हा विश्वास त्या पिढीने निर्माण केला. एक अडचण मात्र कायम होती. चांगला खेळाडू तयार झाला, की कोलकाता त्याला घेऊन जात असे. आल्विटो डिकुन्हा, क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी हे गोमंतकीय ईस्ट बंगालकडून खेळले. २००३ मध्ये जाकार्तात आसियान क्लब स्पर्धा जिंकणाऱ्या ईस्ट बंगालच्या यशात गोव्याचाही मोठा हिस्सा होता, ही गोष्ट कोलकात्यात फारशी बोलली जात नाही.

धेंपोने हा प्रवाह उलटा फिरवला. लॉरेन्स, गवळी पुढे धेंपोच्या संघात आले. समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, अँथनी परेरा यांच्यासारखे खेळाडू वर्षानुवर्षे एकाच संघात राहिले. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांनी २००० च्या सुमारास संघाची सूत्रे घेतली आणि पुढे एका तपाहून अधिक काळ ती सांभाळली. दोन पराभवांनंतर प्रशिक्षक बदलणाऱ्या भारतीय क्लबांच्या जगात हे अपवादात्मकच म्हणावे लागेल. संघाचा खेळ जमिनीवरून, छोट्या पासांचा होता. मध्यरक्षणात ब्राझीलचा बेटो आणि पुढे नायजेरियाचा रँटी मार्टिन्स ही परदेशी जोडी होती, पण तिच्यामागे उभा असलेला कणा गोव्याचाच होता.

या यशाच्या आरंभी एक मृत्यू आहे. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरमध्ये फेडरेशन करंडकाचा अंतिम सामना होता, धेंपो विरुद्ध मोहन बागान. धेंपोचे दोन्ही गोल ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनियरने केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी त्याची धडक झाली, तो मैदानावरच कोसळला आणि त्यातच त्याचे निधन झाले. करंडक धेंपोने जिंकला होता, पण तो आनंदाने उचलण्याच्या स्थितीत कोणी नव्हते. क्लबने त्याची १० क्रमांकाची जर्सी निवृत्त केली. त्याच हंगामात, २००४-०५ मध्ये, धेंपोने आपली पहिली राष्ट्रीय लीगही जिंकली. उपविजेता होता स्पोर्टिंग क्लब द गोवा, म्हणजे केवळ १९९९ मध्ये स्थापन झालेला संघ. पहिल्या दोन्ही जागा गोव्याकडे गेल्या आणि कोलकात्याला प्रथमच धोक्याची जाणीव झाली.

पुढच्या हंगामात मुंबईच्या महिंद्र युनायटेडने विजेतेपद नेले. त्यानंतर मात्र गोव्याचीच मालिका सुरू झाली. २००६-०७ धेंपो. २००७-०८ मध्ये लीगचे नाव आय-लीग झाले, तरी विजेता धेंपोच. २००८-०९ चर्चिल ब्रदर्स, २००९-१० पुन्हा धेंपो, २०१०-११ साळगावकर, २०११-१२ धेंपो आणि २०१२-१३ चर्चिल ब्रदर्स. सातपैकी चार धेंपोची, दोन चर्चिलची, एक साळगावकरचे.

एकट्या धेंपोचे यश?

आकडे पाहून हे सारे धेंपोचेच कर्तृत्व, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तो अर्धवट ठरतो. २००७-०८ मध्ये धेंपो आणि चर्चिल यांचे गुण समान होते आणि विजेतेपदाचा निर्णय अगदी थोडक्यात झाला. २००९-१० मध्येही धेंपोच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर चर्चिलच होता. धेंपो घसरला त्या वर्षी चर्चिल पुढे आला. दोघेही मागे पडले तेव्हा साळगावकर उभा राहिला. विजेता पहिल्या क्रमांकावरचा संघ ठरवतो, पण एखाद्या प्रांताचे वर्चस्व ठरवतो तो त्याच्या मागे दबा धरून बसलेला दुसरा संघ. कोलकात्यातही हेच घडले होते. बागान आणि ईस्ट बंगाल हे एकमेकांच्या भीतीने मोठे झाले.

चर्चिल ब्रदर्सची जातकुळी धेंपोहून अगदी निराळी. गोव्याचे माजी मुख्यमंत्री चर्चिल आलेमाव यांच्या कुटुंबाचा हा सासष्टीतील क्लब. येथे संयमाला फारसे स्थान नव्हते. खेळाडू आणि प्रशिक्षक येत-जात राहिले, मालक बाकावरून सामना जगत राहिले. नायजेरियाचा ओडाफा ओकोली हा या संघाचा हुकमी एक्का. लीगमध्ये तो वर्षामागून वर्षे गोलांचा पाऊस पाडत होता. २०१२-१३ चे विजेतेपद प्रशिक्षक मारियानो डायस यांच्या काळात आले. त्या हंगामाच्या उत्तरार्धात सुनील छेत्री पोर्तुगालच्या स्पोर्टिंग लिस्बनकडून उसनवारीवर या संघात दाखल झाला होता.

साळगावकरचा २०१०-११ चा विजय या सर्वांत अधिक बोलका वाटतो. हाच संघ २००७-०८ मध्ये तळाला जाऊन आय-लीगमधून बाहेर फेकला गेला होता. दुसऱ्या श्रेणीतून परतला आणि मोरोक्कोचे प्रशिक्षक करीम बेंचरिफा यांच्या हाताखाली थेट विजेता झाला. त्याच वर्षी त्याने फेडरेशन करंडकही मिळवला. बाहेर फेकलेला संघ दोन-तीन वर्षांत देशात पहिला येऊ शकतो, याचा अर्थ त्याच्या खाली खेळाडूंचा साठा शिल्लक होता. तो साठा गावोगावच्या मैदानांवर होता. गोव्यात जवळपास प्रत्येक गावाचा संघ असतो, चर्चच्या फेस्ताला आणि पावसाळ्यानंतर भाताच्या मोकळ्या शेतात सामने होतात आणि तेथून मुले क्लबांच्या कनिष्ठ संघांत येतात. वास्को, स्पोर्टिंग, सेझा या संघांनी राष्ट्रीय लीग जिंकली नाही, परंतु राज्याच्या लीगमध्ये वरच्या तिघांना फुकटात काही मिळू दिले नाही. म्हणून त्यांचे श्रेय विजेत्यांच्या यादीत शोधून सापडणार नाही.

पैसा कोठून आला?

धेंपो आणि साळगावकर ही दोन्ही घराणी लोहखनिजाच्या व्यवसायातील. खाणींचा पैसा गोव्याच्या फुटबॉलमध्ये दीर्घकाळ येत राहिला. त्यावरून, खाणी बंद पडल्या आणि फुटबॉल बुडाले, असे समीकरण मांडले जाते. ते तपासून घेतले पाहिजे. धेंपो समूहाने आपला खाण व्यवसाय २००९ मध्येच सेझा गोवा कंपनीला विकला होता, तरी त्यानंतर धेंपोने आणखी दोन लीग जिंकल्या. गोव्यातील खाणकाम २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आधी राज्य सरकारच्या आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबले. राज्याच्या अर्थकारणाला त्याचा जबर फटका बसला हे खरे. पण क्लबांच्या घसरणीची अन्य कारणेही त्याच सुमारास एकत्र आली.

पहिले कारण जुनेच होते. ओडाफा २०११ मध्ये मोहन बागानकडे गेला. २०११-१२ च्या लीगमध्ये तब्बल ३२ गोल करणारा रँटी पुढच्याच वर्षी कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडकडे गेला. कोलकात्याची थैली पुन्हा उघडली होती. दुसरे कारण प्रेक्षक. विजेतेपदांच्या मानाने गोव्यातील क्लबांच्या सामन्यांना गर्दी कमी असे. फातोर्ड्याचे नेहरू स्टेडियम बागान किंवा ईस्ट बंगाल आले तर भरे, एरवी मोकळे दिसे. गोव्याचा माणूस आपल्या गावाचा संघ मानतो, कंपनीचा संघ त्याला तेवढा जवळचा वाटत नाही. तिसरे आणि निर्णायक कारण २०१४ मध्ये आले. इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि धेंपो व साळगावकर घराण्यांनी एकत्र येऊन एफसी गोवा या नव्या संघात भांडवल घातले. एकमेकांशी झुंजून मोठे झालेले दोन क्लब एकाच संघाचे भागीदार झाले.

त्यानंतरची पडझड वेगाने झाली. विद्यमान विजेता चर्चिल २०१३-१४ मध्ये थेट पदावनत झाला. गंमत म्हणजे त्याच हंगामात जानेवारीत त्याने फेडरेशन करंडक जिंकला होता, तोही अंतिम सामन्यात स्पोर्टिंग क्लब द गोवाला हरवून. धेंपो २०१४-१५ मध्ये खाली गेला, दुसऱ्या श्रेणीचा विजेता होऊन परतण्याचा हक्क मिळवला. परंतु २०१६ मध्ये आय-लीगला दुय्यम स्थान देण्याच्या महासंघाच्या आराखड्याचा निषेध म्हणून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनीही लीगमधून अंग काढून घेतले. चर्चिलला त्याच हंगामात पुन्हा प्रवेश मिळाला आणि तो एकटा उरला.

कोल्हापूरच्या आरशात

कोल्हापूरकराला या कहाणीत दोन गोष्टी ओळखीच्या वाटतील आणि एक परकी. ईर्ष्या ओळखीची आहे. गावाचा संघ आणि पेठेचा संघ यांत फरक नावाचाच. कुस्तीच्या तालमींतून उभे राहिलेले आपले संघ केएसएच्या लीगमध्ये पेठेच्या अब्रूसाठी खेळतात आणि शाहू स्टेडियमवर जी गर्दी लोटते, ती फातोर्ड्याला गोव्याच्या सुवर्णकाळातही अनेकदा मिळाली नाही. परकी गोष्ट म्हणजे वरची पायरी. गावच्या मैदानावरून निघालेल्या मुलाला गोव्यातच राहून पगारी, राष्ट्रीय दर्जाचा संघ मिळत होता, तोही एक नव्हे तर चार-पाच. कोल्हापूरच्या मुलाला त्यासाठी शहर सोडावे लागते. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीमार्गे वर गेला आणि पुढे जमशेदपूर, हैदराबादकडून खेळला. एफसी कोल्हापूर सिटीच्या मुलींनी इंडियन विमेन्स लीगपर्यंत मजल मारली. पुरुषांच्या देशातील सर्वोच्च लीगमध्ये मात्र येथील संघ आजवर उतरलेला नाही. पेठांतील खुन्नस हे भांडवल आहे की अडथळा, यावर शहरात दोन मते आहेत. गोव्याचा अनुभव पहिल्या मताच्या बाजूने जातो, मात्र तेथे खुन्नस बाळगणाऱ्या क्लबांकडे कनिष्ठ संघ होते, पगारी प्रशिक्षक होते आणि वर्षभर सराव होता, हे विसरून चालणार नाही.

गोव्यात आज मोठेपण एफसी गोवाकडे आहे. २०१९-२० मध्ये सुपर लीगच्या साखळीत अव्वल राहून तो आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत उतरणारा पहिला भारतीय संघ ठरला. जुन्यांपैकी धेंपो २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला. त्याच हंगामात चर्चिलला विजेता घोषित करण्यात आले होते. पण प्रतिस्पर्धी इंटर काशीने क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि जुलै २०२५ मध्ये लवादाच्या निकालाने ते विजेतेपद इंटर काशीकडे गेले. बारा वर्षांनंतर हाती आलेला करंडक चर्चिलला असा परत द्यावा लागला.