कमोडोर विल्यम जेम्स : सेवापर्व आणि निवृत्ती

अठराव्या शतकात हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर कीर्ती मिळविलेल्या इंग्रज दर्यावर्दी अधिकाऱ्यांत विल्यम जेम्स याचे नाव अग्रभागी घेतले जाते. वस्तुतः तो राजाच्या आरमारातील नव्हे, तर ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई आरमारातील अधिकारी होता. हा भेद केवळ नावाचा नाही. राजाच्या अधिकाऱ्याचे भवितव्य राजाच्या नौदल खात्यावर अवलंबून असे; कंपनीच्या अधिकाऱ्याला मात्र निवृत्तीनंतर कंपनीचा भागीदार, पुढे संचालक आणि अखेर अध्यक्षही होता येत असे. जेम्सचे चरित्र या दृष्टीने वाचले असता त्याच्या निवृत्तीचा काळ हा सेवाकाळाचे परिशिष्ट नसून मराठ्यांच्या इतिहासाशी निगडित असे दुसरे प्रकरणच ठरतो.

वेल्समधील मिलफर्ड हेवनच्या परिसरात सुमारे १७२१ मध्ये त्याचा जन्म झाला. लहान वयातच तो समुद्रावर गेला, १७४७ मध्ये कंपनीच्या चाकरीत शिरला आणि थोड्याच वर्षांत मुंबई आरमाराचा प्रमुख झाला. या आरमाराचे मुख्य काम व्यापारी जहाजांना सोबत करण्याचे. आणि त्या मार्गातील मोठा अडसर म्हणजे विजयदुर्गचा तुळाजी आंग्रे. तुळाजी पेशव्यांनाही जुमानीत नव्हता. म्हणून १९ मार्च १७५५ रोजी पेशव्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव आणि मुंबईकर इंग्रज यांच्यात करार झाला. त्यान्वये समुद्रावरील मोहिमेची सूत्रे इंग्रजांकडे गेली. कराराचे सारे मर्म याच कलमात आहे. पेशव्यांचे खरे बळ घोडदळात होते. होळकरांच्या आणि लासलगावजवळील विंचूर ज्यांच्या जहागिरीत होते त्या विठ्ठल शिवदेवांच्या फौजा दूरदूरच्या मुलखांत लढत असत. पण तुळाजीच्या गुराबा आणि गलबते यांना तोंड देईल असे स्वतःचे आरमार पेशव्यांपाशी नव्हते.

२२ मार्च रोजी जेम्स मुंबईहून निघाला. त्याच्या हाताखाली ४४ तोफांचे 'प्रोटेक्टर' आणि तीन लहान जहाजे होती; पेशव्यांच्या सात गुराबा व साठ गलबते त्याला येऊन मिळाली. तुळाजीच्या आरमाराचा दक्षिणेकडे पाठलाग झाला. पळणाऱ्या खलाशांनी वारा धरण्यासाठी अंगावरील वस्त्रे व पागोटीदेखील शिडांना जोडली, असे ऑर्मने नोंदविले आहे. एरव्ही इंग्रजांहून वेगाने चालणारी मराठी गलबते या पाठलागात मागे राहिली, हेही तोच सांगतो. या मागे राहण्याचे खापर केवळ भित्रेपणावर फोडणे इंग्रज लेखकांना सोयीचे वाटले. परंतु आपल्याच राज्यातील आरमार परक्याच्या हुकमाने बुडविण्याची उमेद त्या खलाशांत कितपत असेल, याचाही विचार व्हावयास हवा.

किल्ल्यांवर हल्ला करून जहाजे धोक्यात घालू नयेत, नाकेबंदी तेवढी करावी, अशी जेम्सला मुंबईची आज्ञा होती. ती त्याने मोडली. हर्णैच्या किनाऱ्यासमोरील सुवर्णदुर्गावर २ एप्रिल रोजी त्याने भडिमार सुरू केला, नंतर भरतीच्या पाण्यात जहाजे तटाच्या अगदी निकट नेली. दारूचे कोठार उडाले, आग भडकली आणि शिबंदी मुख्य भूमीवरील किल्ल्याकडे पळाली. खलाशांनी कुऱ्हाडींनी दरवाजा फोडून दुर्ग घेतला. ८ एप्रिलला बाणकोटही शरण आले. सुवर्णदुर्ग मराठ्यांच्या स्वाधीन झाला. बाणकोट इंग्रजांकडे राहिले.

पुढील डिसेंबरात विजयदुर्गाची पाहणी करण्याचे काम जेम्सवरच आले. किल्ला ऐकिवात आहे तितका दुर्घट नाही, हा त्याचा अहवाल निर्णायक ठरला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. सुमारे दहा लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. हे वाटे मोहिमेवर निघण्यापूर्वीच ठरले होते, आणि त्यांत पेशव्यांच्या लोकांना जागा नव्हती. किल्लाही ऑक्टोबर १७५६ च्या तहानंतरच पेशव्यांना मिळाला. वॉटसन १७५७ मध्ये कलकत्त्यास मरण पावला. जेम्सने त्याच वर्षी प्रतिकूल वाऱ्यांतून मुंबईहून बंगालला फौज नेऊन पोहोचविली आणि १७५९ मध्ये संपन्न स्थितीत तो स्वदेशी परतला.

लंडनजवळील एल्टम येथे त्याने जहागीर घेतली. त्याच्या घरी लेखक लॉरेन्स स्टर्न याची नित्य ये-जा असे. मुंबईच्या एलायझा ड्रेपरशी स्टर्नचा परिचय झाला तो याच वर्तुळात. १७६८ मध्ये जेम्स कंपनीचा संचालक झाला, १७७४ पासून पार्लमेंटात बसला आणि १७७८ मध्ये बॅरोनेट झाला. १७७९ मध्ये तो कंपनीचा अध्यक्ष झाला. त्याच वर्षाच्या जानेवारीत वडगाव येथे मुंबईकरांच्या फौजेने मराठ्यांपुढे हात टेकले होते. अर्थात, पहिले इंग्रज-मराठा युद्ध ऐन भरात असताना लंडनमधील सर्वोच्च आसनावर बसलेला हा गृहस्थ चोवीस वर्षांपूर्वी पेशव्यांचा मित्र म्हणून त्यांच्यासाठी सुवर्णदुर्ग घेणारा अधिकारी होता. कोकणचा किनारा व मराठी आरमार यांची प्रत्यक्ष माहिती असलेला असा संचालक त्या मंडळात विरळाच.

तथापि १७५६ मध्ये मराठी आरमार समूळ संपले, हे सर्रास केले जाणारे विधान अतिशयोक्त आहे. पेशव्यांनी पुढे विजयदुर्गीच आरमार उभे केले, आणि एप्रिल १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी कंपनीचे 'रेंजर' जहाज पकडले. त्याच वर्षी १६ डिसेंबर रोजी, मुलीच्या विवाहाच्या दिवशी, जेम्सचा मृत्यू झाला.

त्याच्या विधवेने १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर ६३ फूट उंचीचा त्रिकोणी मनोरा उभारला. त्याला 'सेव्हर्नड्रूग' असे नाव दिले. सुवर्णदुर्गाचाच हा इंग्रजी अपभ्रंश होय. त्यावरील लेखात सुवर्णदुर्ग मलबार किनाऱ्यावर असल्याचे सांगून विजयाचे श्रेय एकट्या जेम्सच्या शौर्यास दिले आहे. रामाजी महादेवाचा अथवा पेशव्यांचा त्यात उल्लेख नाही. दुरुस्तीनंतर हा मनोरा २०१४ मध्ये लोकांसाठी पुन्हा खुला झाला. सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग यांचा, नाशिक जिल्ह्यातील साल्हेरसह, २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.