नुकसान कोणाच्या नावावर?

दुष्काळ-अतिवृष्टीच्या सरकारी मदतीची चर्चा बहुधा 'किती दिले' इथेच थांबते. 'कोणाला दिले' हा प्रश्न त्याहून जुना आहे. मी संगणक अभियंता आहे. ज्याची नोंद नाही त्याची बेरीज होत नाही, हे मी रोज पाहतो. शहाद्याला लागून असलेल्या आमच्या लोणखेड्यात ही नोंद म्हणजे सातबारा.

इंग्रजी अमलात मदतीचं एक रूप होतं साऱ्याची सूट किंवा तहकुबी. रुपयाच्या पिकात किती आणे आलं याचा अंदाज म्हणजे आणेवारी. मुंबई इलाख्यात पीक चार आणे किंवा त्याहून कमी आलं, तर त्या वर्षाचा सारा तहकूब करण्याचा नियम होता. १९१८चा खेडा सत्याग्रह याच आकड्यावरून पेटला: शेतकरी म्हणत पीक चार आण्यांच्या आत, अधिकारी म्हणत वर. आपला खानदेशही याच इलाख्यातला. दुसरी वाट तगाईची. १८८३ आणि १८८४च्या कायद्यांनी ती बांधून दिली. पण तगाई हे कर्जच, फेडावं लागे. सारा असो वा तगाई, दोन्ही खातेदारासाठी. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला सूट कशात द्यायची?

१९५७ला दशमान नाणी आली आणि पुढे आणेवारीची पैसेवारी झाली. अंतिम पैसेवारी ५०च्या आत आली की जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, मुलांना परीक्षा शुल्कमाफी मिळे. पैसेवारी अख्ख्या गावाची असते. त्यामुळे नाल्याकाठचं एखादं शेत वाहून गेलं, तरी गावाच्या सरासरीत ते दिसत नाही.

१९७२ला आमच्या भागात दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या. जानेवारीत शहाद्यात भू-मुक्ती परिषद भरली. कर्जापायी आणि फसवणुकीने गेलेल्या जमिनी परत मागणारे आदिवासी, त्यांच्यातले अंबरसिंग महाराज आणि बाहेरून आलेले तरुण कार्यकर्ते तिथे एकत्र आले. त्याच वर्षी महाराष्ट्रभर मोठा दुष्काळ पडला. वि. स. पागे यांनी पुढे रेटलेली रोजगार हमीची कल्पना तेव्हा राज्यभर कामाला लागली. १९७७ला तिचा कायदा झाला. वर सांगितलेल्या मदतींत ही एकच अशी, जिला सातबारा लागत नव्हता. काम मागायला आलेला माणूस पुरेसा होता.

आता मदत थेट बँक खात्यात येते. केंद्राच्या २०२२पासूनच्या निकषांत ३३ टक्के किंवा जास्त नुकसानीला जिरायतीसाठी हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीसाठी १७,००० आणि बहुवार्षिक पिकांसाठी २२,५०० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत. राज्य सरकार कधीकधी यात भर घालतं. पंचनामा शेतनिहाय होतो, ही पैसेवारीपेक्षा मोठी सुधारणा आहे. पण पैसे जातात ते खातेदाराच्याच खात्यात.

आमच्याकडे पपई, केळी, कापूस, मिरचीची बरीच शेतं वाट्याने किंवा खंडाने कसली जातात. करार तोंडी असतो आणि त्यामागेही इतिहास आहे. १९४८च्या कूळकायद्यात कसणाऱ्याला मालक करण्याची तरतूद होती. त्यामुळे लिहून दिलं तर कूळ लागेल, ही भीती मालकाच्या मनात बसली ती आजतागायत. कसणाऱ्यासाठी केलेल्या कायद्याच्या धाकानेच कसणाऱ्याचं नाव कागदावरून गेलं. गारपिटीने बाग झोपली की बियाणं, खत, मजुरी वाटेकऱ्याची बुडते आणि अनुदान मालकाकडे जमा होतं. मालकाने समजून दिलं तर दिलं. मजुराचे बुडालेले रोज तर कुठल्याच पंचनाम्यात येत नाहीत.

ई-पीक पाहणीत पीक कोणतं हे मोबाइलवरून नोंदवता येतं. तिथेच 'प्रत्यक्ष कोण कसतो' हा एक रकाना वाढवणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अवघड आहे ते मालकाला हमी देणं, की ही नोंद फक्त मदतीपुरती, मालकीहक्कासाठी नाही. ती हमी कायद्यानेच द्यावी लागेल. तोवर हेक्टरी रक्कम वाढल्याची बातमी येईल, तेव्हा वाटेकऱ्याने ती दुसऱ्याच्या घरची बातमी म्हणूनच ऐकायची.