बेरोजगार मांजर

गेल्या पावसाळ्यात आमच्या चिंगीच्या पोटावरचे केस जायला लागले. गंगापूर रोडला पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट, गॅलरीला जाळी, वेळेवर खाणं, सगळ्या लसी दिलेल्या. तरी ती चाटून चाटून कातडी लाल करत होती. डॉक्टरांनी तपासलं. बुरशी नाही, पिसवा नाहीत. मग त्यांनी विचारलं, “दिवसभर करते काय ती?”

माझ्याकडे उत्तर तयार होतं. मी सॉफ्टवेअरवाली. माझ्या मीटिंगा चालू असताना चिंगीचा वेळ जावा म्हणून मी एक यंत्रच बनवलं होतं: दोन सर्व्हो मोटर, एक आर्डुइनो आणि लेझर. लाल ठिपका भिंतीवर आपोआप पळायचा आणि त्याच्यामागे चिंगी. पहिले आठ दिवस धमाल झाली. मग यंत्र बंद असतानाही ती त्याच भिंतीकडे टक लावून बसायला लागली.

आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, तिला काही कामच नाही, दुसरं काय! आमच्या मनीला कंटाळायला वेळ कुठे होता?”

आजी सहज बोलून गेली, पण त्या वाक्याने मला मांजरांच्या नोकरीचा इतिहास शोधायला लावला.

आजीची मनी जुन्या नाशकात, भद्रकालीतल्या वाड्यात होती. तिला कुणी पाळलं नव्हतं. ती घरात असायची, इतकंच. माजघरात धान्याच्या कणग्या होत्या, म्हणजे उंदीर आलेच. मनी रात्री माळ्यावर, दुपारी चुलीच्या उबेला आणि उरलेला वेळ कौलांवर. ‘मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो’ ही म्हण अशाच घरांतली. म्हण उंदराची बाजू घेते, पण त्यात मांजराबद्दलही एक पक्कं निरीक्षण आहे: त्याचा खेळ आणि त्याचं काम वेगळं काढता येत नाही.

या कामाची एकदा सरकारी माणसानेही दखल घेतली होती. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत तो आमच्या जिल्ह्यातही पोचला. भगूरच्या सावरकर बंधूंचे वडील १८९९मध्ये प्लेगनेच गेले. घरात उंदीर मरून पडायला लागले की लोक गाव सोडून माळावर झोपड्या टाकायचे. १८९८मध्ये पॉल-लुई सिमों यांनी कराचीत प्रयोग करून उंदरांवरच्या पिसवांकडे बोट दाखवलं, पण ते सर्वमान्य व्हायला बरीच वर्षं गेली.

त्याच काळात अमरावतीला अँड्र्यू ब्यूकॅनन नावाचे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर होते. त्यांनी गावोगावच्या मांजरांची मोजणी केली आणि १९०८मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की जिथे मांजरं भरपूर तिथे प्लेग कमी. आज हा उपाय कुणी सुचवणार नाही, कारण प्लेगचा उंदीर खाऊन मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्याकडून माणसालाही होऊ शकतो. शिवाय दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडते असं नाही, हे आम्हाला कॉलेजातच शिकवलेलं असतं. तरी मला त्या मोजणीचं अप्रूप वाटतं. वऱ्हाडातल्या घराघरांतली मांजरं तेव्हा कामकरी म्हणून मोजली गेली.

मग कणगी जाऊन पत्र्याची कोठी आली, कोठी जाऊन पाच किलोची पिशवी. कौलांच्या जागी स्लॅब आला. उंदरांचा बंदोबस्त सोसायटीच्या कंत्राटात गेला. तिकडे अमेरिकेत १९४७मध्ये एड लोव यांनी मांजराच्या शीसाठी वाळूऐवजी सुकी, शोषून घेणारी माती विकायला सुरुवात केली, आणि मांजराला बाहेर सोडण्याची उरलीसुरली गरजही हळूहळू संपली. मांजर पूर्णपणे घरात आलं आणि पूर्णपणे बेकार झालं.

त्या बेकारीवर खेळणी हा उतारा. ज्या यंत्राचा मला एवढा अभिमान होता त्याची कल्पनाही जुनीच निघाली: १९९५मध्ये केव्हिन अ‍ॅमिस आणि मार्टिन अ‍ॅबट यांना लेझरने मांजराला व्यायाम देण्याच्या पद्धतीचं चक्क अमेरिकन पेटंट मिळालंय. क्रमांक ५४४३०३६. अडचण एवढीच, की ठिपका कधीच हातात येत नाही. २०२१मध्ये कोगन आणि ग्रिग यांनी मांजरपालकांची पाहणी केली. लेझरने जास्त खेळवलेल्या मांजरांत प्रकाशामागे, सावल्यांमागे धावत सुटण्यासारख्या सवयी अधिक आढळल्या. इथेही कार्यकारण सिद्ध नाही, पण आमची भिंत मला आठवली.

उपयोगी पडलं ते सेरा हॉल आणि जॉन ब्रॅडशॉ यांचं इंग्लंडमधलं काम. त्यांना दिसलं, की भुकेलं मांजर खेळण्यावर जास्त जोराने तुटून पडतं. तेच खेळणं पुन्हा पुन्हा दिलं की ते विटतं, आणि वेगळं दिलं की पुन्हा पेटतं. म्हणजे मांजराला खेळण्याचा कंटाळा येत नाही. जे पकडूनही मरत नाही, फाटत नाही, बदलत नाही, त्याचा येतो. खेळणं त्याच्यालेखी उंदीरच आहे.

मी यंत्र उघडून मोटर काढून ठेवल्या. आता संध्याकाळी साडेसहाला माझ्या कॅलेंडरमध्ये पंधरा मिनिटं राखलेली असतात. काठीला दोरी आणि दोरीला पिसं, कधी कापडी उंदीर, कधी कागदाचा बोळा. मी तो सोफ्याखालून ओढते, थांबवते, पुन्हा ओढते. शेवटी तिला तो पकडू देते आणि लगेच ताटली वाढते. दिवसा मीटिंगच्या वेळी खाण्याचे दाणे पुठ्ठ्याच्या खोक्यांत लपवलेले असतात. ती ते शोधत बसते. पोटावर लव परत आलीय.

मॅनेजरने परवा विचारलं, रोज साडेसहाला तू कुठे असतेस? मी म्हटलं, घरातल्या एका बेरोजगाराला काम देते.